भागाकाराचा पॅच तपासताना आधी आकडे, मग कोड

लिनक्स कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरमधला भागाकार बदलणारा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) बहुधा दोन-तीन ओळींचा असतो. तिरकी रेघ जाते आणि तिच्या जागी एखादा हेल्पर (भागाकार करून देणारं तयार फंक्शन) येतो, किंवा एक हेल्पर जाऊन दुसरा येतो. पॅच चिमुकला, म्हणून रिव्ह्यूही चिमुकला. आपण बिल्ड (कोडची बांधणी) चालवतो, ते पास होतं, ‘बरोबर वाटतंय’ असं लिहून पुढच्या पॅचकडे वळतो. मग कधीतरी एखाद्या फोनची बॅटरी उणे १४५ वॉट दाखवायला लागते. (हा आकडा मी गमतीने लिहिलेला नाही. तो कसा येतो ते टप्पा ४ मध्ये आहे.)

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. बिल्ड आधी केलं आणि ते पास झालं की मन तयार होतं, आणि त्यानंतरचं वाचन नावापुरतं उरतं. म्हणून खालच्या क्रमात बिल्ड मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे.

शाळेतले भाज्य, भाजक, भागाकार, बाकी हे शब्द इथे चोख बसतात, तेच वापरतो. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

## पूर्वतयारी

फक्त डिफ (बदललेल्या ओळींची यादी) वाचू नका. पॅच लावून पूर्ण फाइल उघडा आणि ज्या फंक्शनमध्ये बदल झाला ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. भाज्य आणि भाजक कुठून येतात ते डिफच्या वर-खाली दिसणाऱ्या तीन ओळींत जवळपास कधीच नसतं.

हाताशी तीन गोष्टी हव्यात: चिपची डेटाशीट (निदान ज्या रजिस्टरमधून, म्हणजे चिपमधल्या खणातून, मूल्य येतं त्याचं पान), मोठे आकडे धरणारा कॅल्क्युलेटर आणि कागद. डेटाशीट मिळत नसेल तर पॅच पाठवणाऱ्याकडे मूल्यांची मर्यादा मागा. त्याने ती दिली नाही, तर त्यानेही ती पाहिलेली नाही असं समजायला हरकत नाही.

## टप्पा १: कागदावर चार ओळी

कोडमधल्या हेल्परकडे बघण्याआधी हे लिहून काढा:

१. भाज्य कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती?
२. भाजक कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती?
३. दोघांपैकी कुणी उणे होऊ शकतो का?
४. एकक कोणतं? मायक्रोव्होल्ट, नॅनोसेकंद, हर्ट्‌झ की सेक्टर?

उदाहरण म्हणून बॅटरीचा ड्रायव्हर घेऊ. कर्नलच्या पॉवर सप्लाय वर्गात व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, करंट मायक्रोअँपिअरमध्ये आणि पॉवर मायक्रोवॉटमध्ये द्यावी लागते. बॅटरी ३.८५ व्होल्टवर आहे आणि १.२ अँपिअर बाहेर जातोय, तर गुणाकार ३८,५०,००० गुणिले उणे १२,००,०००, म्हणजे उणे ४.६२ लाख कोटी. त्याला दहा लाखांनी भागलं की उणे ४६,२०,००० मायक्रोवॉट, म्हणजे ४.६२ वॉट खर्च होतायत.

आता ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा अनसाइन्ड (उणे न होणारा) आकडा ४२९,४९,६७,२९५, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. आपला गुणाकार त्याच्या हजारपट मोठा आहे आणि वर उणे आहे. पॅचमध्ये काय असायला हवं याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं: ६४ बिट हवेत आणि साइन्ड हवेत.

तपासा: चारपैकी एकाही ओळीत ‘माहीत नाही’ असेल तर इथेच थांबून विचारा. अंदाजाने पुढे गेलात तर पुढचे सगळे टप्पे अंदाजावर उभे राहतील.

## टप्पा २: हेल्पर काय घेतो, काय देतो

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांचा भागाकार साध्या तिरक्या रेघेने केला की कंपायलर आपल्या मदतनीस लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. कर्नल ती लायब्ररी जोडत नाही. मग ३२ बिटांच्या एक्स८६वर ‘__यूडिव्हडीआय३’ सापडत नाही, आर्मवर ‘__एइएबीआय_यूएलडिव्हमॉड’ सापडत नाही, आणि लिंक (तुकडे जोडण्याची शेवटची पायरी) तुटते. बाकी काढणाऱ्या ‘%’ची कथाही तीच. बरेचसे पॅच ही तुटलेली लिंक जोडायलाच येतात. लिंक जुळली की काम झालं असं पाठवणाऱ्याला वाटतं.

तिरक्या रेघेची जागा घेणारे हेल्पर असे (‘यू’ म्हणजे अनसाइन्ड, ‘एस’ म्हणजे साइन्ड, आकडा बिटांचा):

डू_डिव्ह. हा मॅक्रो आहे. भाज्य यू६४, भाजक यू३२. भागाकार भाज्याच्याच व्हेरिएबलमध्ये लिहिला जातो आणि परत मिळते ती बाकी. सवय नसलेला माणूस हमखास उलटं समजतो.

डिव्ह_यू६४ आणि डिव्ह_एस६४. भाजक ३२ बिटांचाच, पण परत मिळतो तो भागाकार आणि भाज्याला हात लागत नाही. बाकीही हवी असेल तर डिव्ह_यू६४_रेम.

डिव्ह६४_यू६४ आणि डिव्ह६४_एस६४. भाज्य, भाजक दोन्ही ६४ बिट. ३२ बिटांच्या यंत्रावर हा महाग पडतो.

डिव्ह६४_यूएल. भाजक अनसाइन्ड लाँग असेल तेव्हा. ६४ बिटांच्या यंत्रावर पूर्ण भाजक घेतो, ३२वर स्वस्त मार्गाने जातो.

डू_डिव्ह काढून डिव्ह_यू६४ घालणारा पॅच आला तर दोन गोष्टी बघा. पहिली, आधी ‘बाकी = डू_डिव्ह(क, ख)’ होतं का? तिथे नुसतं नाव बदललं तर बाकीच्या व्हेरिएबलमध्ये भागाकार जाऊन बसेल, आणि कंपायलर अवाक्षर काढणार नाही. दुसरी, खालच्या ओळी ‘क’ बदललेला आहे असं धरून चालल्या आहेत का? नव्या रूपात ‘क’ तसाच राहतो.

सावधान, भाजकाची कात्री: डू_डिव्हला ६४ बिटांचा भाजक दिला तर त्याचे वरचे ३२ बिट गुपचूप कापले जातात. पीडब्ल्यूएमचं (ठरावीक पीरियडमध्ये काही वेळ चालू, काही वेळ बंद राहणाऱ्या सिग्नलचं) उदाहरण घ्या. २०२० मध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीपासून पीडब्ल्यूएमच्या स्टेटमधले पीरियड आणि ड्यूटी सायकल (चालू राहण्याचा वेळ) यू६४ झाले, नॅनोसेकंदांत. पाच सेकंदांचा पीरियड म्हणजे ५०० कोटी. कात्री लागल्यावर उरतात ७०,५०,३२,७०४. ड्यूटी अडीच सेकंद असेल तर टक्केवारी ५० यायला हवी, येते ३५४. टेबलावर एलईडी लुकलुकवून चाचणी करणारा माणूस पाच सेकंदांचा पीरियड ठेवतच नाही, त्यामुळे हे त्याला दिसत नाही.

उलट बाजूचा अतिरेकही आहे. कर्नलसोबत येणारी कॉक्सिनेलची (कोडमधले ठरावीक नमुने शोधणाऱ्या साधनाची) एक स्क्रिप्ट डू_डिव्ह दिसला आणि भाजक रुंद प्रकाराचा असला की ‘डिव्ह६४_यू६४ वापरण्याचा विचार करा’ असं सुचवते. विचार करा, एवढंच तिचं म्हणणं. काही जण विचाराची पायरी गाळून थेट पॅच पाठवतात. भाजक व्हेरिएबल रुंद असलं तरी त्यात ५१२ च्या वर काही जातच नसेल, तर बरा उपाय म्हणजे व्हेरिएबलचा प्रकार यू३२ करणं. टप्पा १ची दुसरी ओळ इथे उपयोगी पडते.

## टप्पा ३: गुणाकार किती बिटांत झाला?

भागाकाराच्या आधी बहुतेक वेळा गुणाकार असतो, आणि आकडा तिथेच फुटलेला असतो. ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये उत्तर ठेवलं म्हणून गुणाकार ६४ बिटांत होत नाही. दोन इंट (३२ बिटांचे साइन्ड पूर्णांक) गुणले की गुणाकार इंटमध्येच होतो, नंतर रुंद होतो. म्हणून कास्ट (प्रकार बदलायला सांगणारी खूण) कंसाच्या बाहेर आहे की आत, हे डोळ्यात तेल घालून बघा:

चूक: पॉवर = (एस६४)(व्होल्ट * करंट);
बरोबर: पॉवर = (एस६४)व्होल्ट * करंट;

चुकीच्या ओळीतून आपल्या बॅटरीचं काय होतं? उणे ४.६२ लाख कोटी ३२ बिटांत गुंडाळले जातात आणि हाती येतात अधिक १३८,४८,१०,४९६. दहा लाखांनी भागले की १,३८४ मायक्रोवॉट. बॅटरी रिकामी होतेय, आणि ड्रायव्हर सांगतो की जेमतेम दीड मिलिवॉटने चार्ज होतेय. आकडा चुकला, चिन्हही उलटलं.

‘यूएल’ शेपूट लावलेले स्थिरांकही असेच फसवतात: ३२ बिटांच्या यंत्रावर अनसाइन्ड लाँग ३२ बिटांचाच असतो. ६४ हवेत तर ‘यूएलएल’ लागतं.

ओव्हरफ्लो टाळायला काही पॅच आधी भागतात आणि मग गुणतात: व्होल्ट भागिले हजार, करंट भागिले हजार, मग गुणाकार. ३,८५० गुणिले १,२०० म्हणजे ४६,२०,०००. उत्तर बरोबर, इंटमध्ये मावलं, कुठला हेल्परही लागला नाही. पण फोन झोपलेला असताना करंट ९०० मायक्रोअँपिअर असेल तर ९०० भागिले १,००० म्हणजे शून्य, आणि पॉवर शून्य. ही तडजोड चालेल की नाही हे ड्रायव्हर कशासाठी आहे त्यावर ठरतं. मात्र ती कमिट संदेशात (बदलासोबतच्या टिपणात) सांगितलेली असायला हवी. ‘क्लीनअप’ म्हणून ती आत सरकवलेली असेल तर पॅच परत पाठवा. गुणाकार ६४ बिटांतही मावत नसेल तर म्यूल_यू६४_यू६४_डिव्ह_यू६४ आहे.

## टप्पा ४: उणे चिन्ह

आता त्या १४५ वॉटचा हिशोब. समजा पॅचमध्ये गुणाकार नीट आहे, एस६४मध्ये, आणि भागायला डू_डिव्ह वापरला. डू_डिव्ह भाज्याला अनसाइन्ड समजतो. उणे ४.६२ लाख कोटी हा आकडा २चा ६४वा घात वजा ४.६२ लाख कोटी असा वाचला जातो, त्याला दहा लाखांनी भाग जातो, आणि उत्तर इंटमध्ये भरताना खालचे ३२ बिट उरतात: उणे १४,५०,८२,६११ मायक्रोवॉट. चिन्ह योगायोगाने बरोबर आलं, म्हणून चार्जिंगचं चित्रही बरोबर दिसतं. आकडा कुणी वाचेपर्यंत सगळं आलबेल.

कंपायलर ओरडत नाही का? ६४ बिटांच्या बिल्डमध्ये नाही. ३२ बिटांच्या आर्मवर जो सामाईक मॅक्रो वापरला जातो त्यात भाज्याचा प्रकार तपासणारी एक युक्ती आहे, तिथे पॉइंटरांचे प्रकार जुळत नसल्याची चेतावणी येते. ३२ बिटांच्या एक्स८६चा डू_डिव्ह मात्र वेगळा लिहिलेला आहे, त्यात ती युक्ती नाही. उपाय: डिव्ह_एस६४.

दुसरा सापळा अधिक साधा दिसतो:

सरासरी = बेरीज / ॲरे_साइझ(नमुने);

बेरीज इंट, तापमान मिलिअंशात. ॲरे_साइझ (नमुने किती ते सांगणारा मॅक्रो) अनसाइन्ड देतं, म्हणून बेरीजही अनसाइन्ड होते. चार नमुन्यांची बेरीज उणे ५,००० असेल तर उत्तर उणे १,२५० हवं. ३२ बिटांच्या यंत्रावर १०७,३७,४०,५७४ येतं, म्हणजे दहा लाख अंशांहून जास्त. आणि गंमत अशी की ६४ बिटांच्या यंत्रावर उणे १,२५०च येतं, कारण चार हा दोनाचा घात आहे आणि चुकीचे बिट इंटमध्ये भरताना वरून सांडून जातात. उद्या कुणी नमुने पाच केले की तिथेही बोंब. मी असा कोड एकदा लॅपटॉपवर चालवून पास केला होता. शून्याखालचं तापमान देऊन पाहिलंही होतं, तरी सुटला.

उणे भाज्य असताना भागाकाराच्या जागी उजवीकडचा शिफ्ट आला असेल तर तेही समान नाही. उणे ७ भागिले २ म्हणजे सीमध्ये उणे ३. उणे ७ एक घर शिफ्ट केला तर उणे ४.

तपासा: टप्पा १ची तिसरी ओळ ‘हो’ असेल तर हेल्परच्या नावात ‘एस’ आहे का? ‘यू’ असेल तर उणे बाजू कुठे सांभाळली आहे ते दाखवायला सांगा.

## टप्पा ५: भाजक शून्य

शून्याने भागल्यावर सगळी यंत्रं सारखी वागत नाहीत. एक्स८६वर अपवाद उठतो आणि कर्नल ‘डिव्हाइड एरर’ देऊन कोसळतो. ६४ बिटांच्या आर्मवर भागाकाराची सूचना निमूट शून्य देते. म्हणजे आर्म बोर्डवर महिनोन्‌महिने चाललेला ड्रायव्हर एक्स८६वर पहिल्याच दिवशी पडू शकतो.

भाजक कुठून येतो यावर संशयाचं प्रमाण ठरवा.

वापरकर्त्याकडून येत असेल तर तो शून्य येणारच असं धरा. फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र हाताळणाऱ्या) ड्रायव्हरांत पिक्सक्लॉक हे मूल्य वापरकर्ता देऊ शकतो, आणि ते शून्य दिल्यावर कोसळणाऱ्या ड्रायव्हरांची एक रांगच २०२२ मध्ये दुरुस्त करावी लागली.

रजिस्टरमधून येत असेल तर चिप झोपेत असताना काय वाचलं जातं ते विचारा. ‘रजिस्टर अधिक एक’ सुरक्षित वाटतं, पण निघून गेलेलं पीसीआय उपकरण सगळे बिट एक देतं. यू३२मध्ये त्यात एक मिळवला की शून्य. आधी मास्क लावून (नको ते बिट पुसून) फक्त फील्ड काढलं असेल तर प्रश्न मिटतो.

सावधान: शून्याची तपासणी आणि भागाकार यांच्यामध्ये काही घडतंय का? ६४ बिटांचा पीरियड शून्य नाही हे तपासलं आणि मग तो डू_डिव्हला दिला. पीरियड नेमका ४२९,४९,६७,२९६ नॅनोसेकंद असेल तर तपासणी पास होते, कात्री लागते, आणि भाजक शून्य.

## टप्पा ६: अपूर्णांक कुणीकडे?

इथे नियम लहान आहे: उत्तर कुणाला दुखवेल ते बघा.

एसपीआयचं (चिपशी बोलण्याच्या वाहिनीचं) घड्याळ घ्या. मूळ ४८ मेगाहर्ट्‌झ, चिपची मर्यादा १०. साधा भागाकार ४ देतो, म्हणजे १२ मेगाहर्ट्‌झ, मर्यादा मोडली. डिव्ह_राउंड_अप ५ देतो, ९.६ मेगाहर्ट्‌झ. इथे वरचाच हवा.

यूआर्टला (सिरियल पोर्टला) जवळचा हवा. २० मेगाहर्ट्‌झ, १६ पट सॅम्पलिंग, १,१५,२०० बॉड: भागाकार १०.८५. खाली गेलात तर १० आणि वेग १,२५,०००, साडेआठ टक्के चूक, पडद्यावर कचरा. ११ घेतला तर चूक दीड टक्क्याच्या आत.

टाइमआउट वर न्या, नाहीतर एक मिलिसेकंदाचा शून्य होऊन बसेल.

मॅक्रोंच्या खोडी: डिव्ह_राउंड_अप भाजक दोनदा लिहितो, म्हणून त्यात थेट रजिस्टरचं वाचन ठेवलं तर रजिस्टर दोनदा वाचलं जातं. वाचल्यावर पुसलं जाणारं रजिस्टर असेल तर झालंच. डिव्ह_राउंड_अप_यूएलएल नावाने ६४ बिटांचा असला तरी आत डू_डिव्हच आहे, भाजक ३२चाच. आणि राउंड_अप फक्त दोनाच्या घातांसाठी आहे. इतर आकड्यांना मधली रेघ नसलेला राउंडअप लागतो. एका अंडरस्कोरचा फरक, नजरेला सहज चुकतो.

## टप्पा ७: आता बिल्ड

६४ बिटांचं बिल्ड इथे फारसं काही सिद्ध करत नाही. किमान दोन ३२ बिटांची बिल्ड करा: एक एक्स८६ची, एक आर्मची. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधत असाल तर शेवटच्या मॉडपोस्टपर्यंत (न सापडलेली फंक्शनं दाखवणाऱ्या पायरीपर्यंत) जाऊ द्या. फक्त ऑब्जेक्ट फाइल तयार झाली म्हणून थांबलात तर न सापडलेलं फंक्शन कळणारच नाही. जमलं तर जीसीसी आणि क्लँग दोन्ही चालवा. भाजक दोनाचा स्थिर घात असेल तर कंपायलर शिफ्ट करून मोकळा होतो आणि त्रुटी दिसत नाही. उलट, वजाबाकीचा निरुपद्रवी लूप ओळखून कंपायलर त्याचाच भागाकार करून टाकतो. कर्नलच्या वेळ मोजणाऱ्या कोडमध्ये हे रोखायला एक रिकामी असेम्ब्ली ओळ ठेवलेली आहे. तशी ओळ ‘निरर्थक’ म्हणून काढणारा पॅच आला तर आधी तिच्यावरची टिप्पणी वाचा.

मग स्पार्स (कोड न चालवता तपासणारं साधन) आणि कॉक्सिनेल फक्त त्या फोल्डरवर चालवा. जुन्या चेतावण्या आणि नव्या यांत फरक करा.

## टप्पा ८: आकडे चालवून पाहा

हार्डवेअर नसलं तरी सूत्र वेगळं काढून केयुनिटमध्ये (कर्नलच्या चाचणी-चौकटीत), किंवा अगदी साध्या सी प्रोग्रॅममध्ये तपासता येतं. तो प्रोग्रॅम ३२ बिटांतही चालवा. द्यायचे आकडे: टप्पा १मधली चारही टोकं, शून्य, एक, उणे एक, ३२ बिटांची सीमा आणि तिच्या एक पुढे-मागे, आणि एक रोजचा खरा आकडा. उत्तर आधी कॅल्क्युलेटरवर काढून ठेवा. जुना आणि नवा कोड फक्त एकमेकांशी ताडून पाहिलात तर दोघांतली सामाईक चूक तशीच राहील.

## टप्पा ९: अभिप्राय लिहिताना

‘इथे ओव्हरफ्लो होऊ शकतो’ असं लिहू नका. पाठवणारा म्हणेल, होत नाही. आकडा द्या: ‘३.८५ व्होल्ट आणि उणे १.२ अँपिअरला या ओळीतून १,३८४ येतं, उणे ४६,२०,००० हवं.’ यावर वाद होत नाही.

पॅच खरोखर चूक दुरुस्त करत असेल तर कोणत्या कमिटने ती आणली हे सांगणारी ‘फिक्सेस’ ओळ आणि जुन्या स्थिर आवृत्त्यांसाठीची नोंद मागा. उत्तर जसंच्या तसं राहून फक्त लिंक जुळत असेल तर तसं संदेशात स्पष्ट लिहायला सांगा. आणि एकाच पॅचमध्ये हेल्पर बदललाय, राउंडिंगही बदललंय असं दिसलं तर दोन पॅच करून मागा, पाठवणारा कुरकुरला तरी.